कानबाई आणि मास्तरांचे आकडे

तुरुंगात तिला सगळे कानबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर नुसतं 'बाई'. आधी ती बायकांच्या बराकीवर पहाऱ्याला होती. जिन्यावरून घसरून गुडघा कामातून गेला, तेव्हा साहेबांनी तिला बसून करायचं काम दिलं. कैदी आठवड्यातून एकदा घरी फोन करतात, ते फोन ऐकायचे.

पूर्वी जिथे कांबळी ठेवायचे ती खोली तिच्या वाट्याला आली. भिंतींना अजून लोकरीचा वास होता. एक टेबल, फोनचं यंत्र, आणि कानाला लावायचा हेडफोन, ज्याचा स्पंज झडला म्हणून तिनं जुन्या मोज्याचे तुकडे वर शिवून घेतले होते. खिडकीसमोर भिंत. बघण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे सगळा जीव कानात यायचा.

सुरुवातीला तिला लाज वाटायची. नवरा-बायकोचं बोलणं, रडणं, पोरांचे पापे, हे सगळं तिसऱ्या माणसानं ऐकायचं म्हणजे काय! मग एक प्रकार झाला. एक कैदी दर खेपेला बायकोला विचारायचा, "मावशीला बरं आहे ना? मावशी कधी येणार?" कानबाईच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस मावशीची तीनतीनदा चौकशी करतो आणि सख्ख्या आईचं नावसुद्धा काढत नाही? तिनं वर कळवलं. पुढच्या भेटीला आलेल्या शर्टाची कॉलर उसवली तेव्हा मावशी सापडली. गांजाची पुडी होती ती.

त्या दिवसापासून तिची लाज गेली आणि स्वतःच्या कानावर नको इतका विश्वास बसला. हा विश्वास ती घरीही घेऊन जायची. नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो फोनवर कुणाला "हं, हं, बघतो" म्हणाला, की हिची विळी थांबायची.

"काय बघणार आहात?"

"अगं, गिअरबॉक्स!"

"मग हळू आवाजात का बोललात?"

"तू घरी आलीस की कान जरा खुंटीला अडकवत जा," नवरा म्हणायचा. ती हसायची, पण गिअरबॉक्सवर तिचा पुरता विश्वास बसलेला नसायचा.

अशात मास्तर आत आले. खासगी शिकवणी चालवायचे, इंग्रजीची. मोठ्या परीक्षेचा पेपर आधीच मिळवून आपल्या क्लासच्या पोरांना दिला, आणि पकडले गेले. वाईट असं, की त्याच परीक्षेला त्यांची स्वतःची मुलगीही बसली होती. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी तिचा निकाल रोखला गेला. आता तिला पुन्हा बसायचं होतं.

मास्तर दिसायला अगदी गरीब. खांदे पडलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. पण कानबाईचा गरीब दिसणाऱ्यांवर मुळीच भरवसा नव्हता. आणि मास्तरांचा फोन होताच विचित्र. मुलगी फोन उचलायची, "बाबा, कसे आहात?" एवढं मराठीत विचारायची, की लगेच अभ्यास सुरू. मास्तर विचारायचे, "आजचे वाक्प्रचार कुठले?" आणि मुलगी इंग्रजीत सुरू व्हायची.

घरचं एक अक्षर नाही. आई कशी आहे, छप्पर गळतं का, कोण आलं, कोण गेलं, काही म्हणजे काही नाही. बाप तुरुंगात आणि लेक त्याला व्याकरण ऐकवते! कानबाईला हे पचेना.

तिचं इंग्रजी जेमतेम. पाट्या वाचता येत, आकडे कळत. म्हणून आकडेच तिच्या कानात अडकायला लागले. "अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स," मुलगी म्हणायची. मागून वाक्य यायचं, त्यात 'किचन' एवढं कळायचं. दुसऱ्या खेपेला "फॉर्टी विंक्स". मग कधी "इलेव्हन्थ अवर". प्रत्येक वाक्यानंतर मास्तर जरा वेळ गप्प व्हायचे, मग म्हणायचे, "गुड. पुढचं?"

सहा, सात, चाळीस, अकरा. कानबाईनं हिशेब मांडला. माणूस पेपरफोड्या. परीक्षा तोंडावर आलेली. हे प्रश्नांचे नंबर नाहीत तर काय आहे? पण पेपर बाहेरच्या माणसानं आतल्याला का सांगावा? तिच्या मनात सात-पाच सुरू झालं. वर कळवण्याआधी आणखी ऐकावं असं तिनं ठरवलं.

आणखी ऐकलं, तेव्हा तिला खोकला ऐकू आला.

मुलीजवळ कुणीतरी बसलेलं असायचं. बाईमाणूस. ती बोलायची नाही, पण अधूनमधून खोकायची. सर्दीचा खोकला नव्हे, घसा साफ केल्यासारखा, दाराशी आलोय हे कळवायला माणूस खोकतो तसा. आणि हा खोकला आला, की आकड्यांचं वाक्य हमखास यायचं. कधी वाक्य आधी, खोकला मागून. पण दोघांची जोडी ठरलेली. कानबाईला आता शंकाच उरली नाही. खोकणारी बाई खूण करते, मुलगी निरोप देते, बाप झेलतो.

त्यानंतरच्या फोनला मुलीचा आवाज बसलेला होता. "टेन-फूट पोल," ती म्हणाली. मग एक वाक्य. मास्तर म्हणाले, "अजून?" मुलगी हळूच म्हणाली, "सिक्स फीट अंडर. शी सेज शी वुड रादर बी सिक्स फीट अंडर." खोकला आला. पलीकडे मास्तरांचा श्वास अडकल्याचं कानबाईला स्पष्ट ऐकू आलं. वेळ संपली आणि फोन तुटला.

कानबाई ताडकन उठली. गुडघ्याची आठवण राहिली नाही. दहा फुटांचा बांबू! सहा फूट जमिनीखाली! पेपरबिपर सगळं झूट, इथं भुयार खणलं जात होतं, आणि भिंतीवरून जायला बांबूची सोय होत होती.

साहेब जेवायला बसले होते. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. घास तसाच ठेवून साहेब म्हणाले, "सहा फूट? नक्की?"

"माझ्या या कानांनी ऐकलंय साहेब. सिक्स, फीट, अंडर. याचा दुसरा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा."

साहेबांना दुसरा अर्थ सुचला नाही. सुचला असता तरी त्यांनी तो मनाआड केला असता, कारण भुयार पकडण्याचा मान काही रोज चालून येत नाही. मास्तरांची बराक रिकामी झाली. फरश्या पहारीनं ठोकून पाहिल्या, दोन उखडल्या. एक मोडका चमचा आणि कुणाचे तरी खेळायचे पत्ते सापडले. मास्तरांना वेगळं ठेवलं, आणि चौकशी होईपर्यंत फोन बंद.

चौकशीच्या वेळी कानबाई तिथंच उभी होती. मास्तर हात जोडून म्हणत होते, "साहेब, वाक्प्रचार आहेत हो ते. परीक्षेत विचारतात. कुठल्याही इंग्रजीच्या माणसाला विचारा."

"आणि ती खोकणारी कोण?" कानबाईनं मध्येच विचारलं.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि म्हणाले, "मला माहीत नाही." त्या आधीच्या सगळ्या बोलण्यात ते घाबरलेले होते. या एका वाक्यात ते खोटं बोलले. कानबाईला ते ढळढळीत ऐकू आलं.

साहेबांनी फोनची फीत एका कॉलेजच्या प्राध्यापकांकडे पाठवली. त्यांचं उत्तर यायला वेळ लागणार होता. कानबाईला तेवढा दम कुठला! तिची नणंद एका गेस्ट हाउसमध्ये पाहुण्यांची नोंद करायची. दिवसभर इंग्रजी बोलून घरी येताना मराठी शोधत यायची. सुट्टीच्या दिवशी ती भावाकडे आली, तेव्हा कानबाईनं तिच्यापुढे चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं केलं.

"वन्सं, सिक्सेस अँड सेव्हन्स म्हणजे काय हो?"

"सावळागोंधळ. आपण नाही का म्हणत, घराचे तीन तेरा वाजलेत? तसं. तेरा नाही, सहा आणि सात, एवढाच फरक."

"आणि फॉर्टी विंक्स? इलेव्हन्थ अवर?"

"डुलकी. आणि दुसरं म्हणजे अगदी शेवटची घटका." नणंद हसली. "वहिनी, क्लास लावलात की काय?"

"टेन-फूट पोलचं काय?"

"अमक्याला दहा फुटी काठीनंसुद्धा शिवणार नाही, असं म्हणतात. आपण चार हात लांब राहतो, ते दहा फूट."

कोपऱ्यात पेपर वाचणारा नवरा खो खो हसायला लागला. त्याला फरश्यांची हकीकत ठाऊक होती. "झालं! हिनं काठीवर चढून कैदी पळवला होता!"

कानबाईचे कान तापले. तरी तिनं विचारलंच, "आणि सिक्स फीट अंडर?"

"ते चांगलं नाही," नणंद म्हणाली. "मेलेला माणूस. पुरतात ना, तसा सहा फूट खाली. कुणी म्हटलं, त्यापेक्षा मी सहा फूट खाली बरी, तर त्याचा अर्थ, मेलेली बरी."

नवऱ्याचं हसणं चालूच होतं. कानबाई मात्र उठून ओट्यापाशी गेली आणि उगाचच धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचं उत्तर आलं. नेहमीचे वाक्प्रचार आहेत, पाठ्यपुस्तकात असतात, संशयाला जागा नाही. साहेब चरफडले, फरश्या बसवून घ्यायचा हुकूम सोडला, आणि फोन पुन्हा कधी सुरू करायचा ते सवडीनं बघू म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला.

कानबाईच्या लेखी तो तिथं सुरू झाला. वाक्प्रचार असतील, पण अभ्यास नव्हता तो. अभ्यासात बापाचा श्वास अडकत नाही. तिनं खोलीचं दार लावून जुन्या फोनच्या फिती पुन्हा लावल्या, आणि नणंदेनं सांगितलेले अर्थ मनात ठेवून ऐकलं. स्वयंपाकघराचे तीन तेरा वाजलेत. तिचा डोळ्याला डोळा लागत नाही, जेमतेम डुलकी. तुमच्या भेटीच्या अर्जाला ती दहा फुटी काठीनंही शिवत नाही. मग ते शेवटचं. सगळीकडे 'शी', 'शी'. ती. ही ती कोण, हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं. शेजारी बसून खोकत होती, तीच.

म्हणजे बापलेक लपवत होते ते तुरुंगापासून नव्हे. लपवत होते ते घरातल्या बाईपासून, तिच्यासमोर बसून. आणि एका बाईनं मरायची भाषा केली, हा निरोप पोचला, त्याच दिवशी आपण फोन बंद पाडला.

तिनं साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "बाई, परवा भुयार होतं, आज जीव देणारी बाई आहे. उद्या काय?"

कैद्याच्या घरी जायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. तो मोडणाऱ्या दोघांना तिनंच एकदा पकडून दिलं होतं. ड्यूटी सुटल्यावर वर्दी पिशवीत घालून, साध्या साडीत ती मास्तरांच्या घरी गेली. रस्ताभर मागे वळून पाहत होती. आपल्या मागावर कुणी असेल, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार. साखळी न काढता, फटीतून एक डोळा आणि अर्धा चेहरा दिसला.

"कोण?"

"मी... जरा बोलायचं होतं."

"क्लासमधल्या कुणाची आई का? हे बघा, ज्यांची वर्षं वाया गेली त्या सगळ्यांच्या शिव्या खाऊन झाल्यात माझ्या. आता जागा उरली नाही."

"मी तुरुंगातून आले. फोन ऐकते मी."

आतून खोकला आला. तोच. साखळी निघाली.

खोली नीटनेटकी नव्हती. शर्टांचे ढीग पडले होते. बाई कारखान्यातून काज-बटणाचं काम घरी आणायची, आणि ते बरेच दिवस झालेलं दिसत नव्हतं. बाईनं बसा म्हटलं नाही. स्वतः उभी राहिली.

"काय शोधायला आलात? इथं काही नाही. पोलीस सगळं उलथून गेलेत."

"शोधायला नाही आले. तुम्ही ठीक आहात ना, एवढंच बघायला आले."

"का? मला काय झालंय?"

कानबाई हजारो लोकांचं बोलणं ऐकलेली, पण स्वतः बोलायची वेळ आली की अडखळायची. शेवटी म्हणाली, "तुमची मुलगी फोनवर म्हणाली... की तुम्ही मरणाचं बोलता."

मास्तरीणबाईनं तिला नखशिखान्त न्याहाळलं. "मग? ऐकून तुमच्या साहेबांनी पाठवलं होय? की त्यानं पाठवलं?"

"कुणी नाही. कुणाला माहीतही नाही मी आलेय ते. कळलं तर नोकरी जाईल."

बाईनं एक शर्ट उचलला, घडी घातली, परत टाकला. मग एकदम बोलायला लागली. "पोरगी माझ्या मांडीला मांडी लावून माझ्याच चुगल्या करते, ते मला कळत नाही असं वाटतं त्यांना. मी अट घातली होती, अभ्यासाचं बोलायचं, घरातलं काही सांगायचं नाही त्या माणसाला. मग सुरू झाले यांचे आकडे! आकडा आला की तिचा आवाज मऊ व्हायचा. व्याकरण सांगताना कुणाचा आवाज मऊ होतो का? मी इंग्रजी शिकले नाही, पण बहिरी नाही."

"मग थांबवलं का नाहीत?"

"का थांबवू? मी त्याच्याशी बोलणार नव्हते. तोंड बघणार नव्हते. पण त्याला कळायला तर हवं होतं ना, काय करून ठेवलंय त्यानं ते! झोप येत नाही, हे मी पोरीला कशाला सांगत होते? तिला दिसत नव्हतं का? ती तिथं सांगेल म्हणून सांगायचे. विसरली तर खोकायचे."

कानबाई खाली बसली. शर्टांच्या ढिगाशेजारी, फरशीवरच.

"मरणाचंही तसंच बोलले," बाई म्हणाली. "म्हटलं, जरा टोचू दे. आणि त्यानंतर फोन बंद. एकदा नाही, दोनदा नाही, आलाच नाही. मी म्हटलं, बघा, ऐकलं आणि घाबरून सुटला. बायको मरते म्हणाली तर या माणसानं फोनच टाकला." तिनं पायाजवळचा शर्ट बाजूला सारला. "आधी नुसतं बोलत होते. मग मात्र खरंच वाटायला लागलं."

"त्यांनी नाही टाकला," कानबाई म्हणाली. "मी बंद पाडला. मला वाटलं, ते भुयार खणतायत."

"काय खणतायत?"

"भुयार. सहा फूट खाली म्हणाली ना ती. त्याआधी दहा फुटी बांबू."

मास्तरीणबाई तिच्याकडे बघत राहिली. खोटं बोलते की काय, हे चाचपून पाहत होती. आतल्या खोलीचं दार थोडं उघडलं होतं आणि मुलगी तिथं पुस्तक छातीशी धरून उभी होती, पांढरीफटक. तिला वाटत होतं की आता आपली धडगत नाही.

"फरश्या उखडल्या आम्ही," कानबाईनं सांगून टाकलं. "चमचा सापडला."

मुलीच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते कळलं नाही. आईनं तिच्याकडे वळून दरडावलं, "तू आत हो. अभ्यास कर. खरा अभ्यास." पण दरडावण्यात जोर नव्हता. मग ती कानबाईला म्हणाली, "त्याला वेगळं ठेवलंय का?"

"हो."

"चष्म्याची काडी मोडलेलीच आहे का अजून?"

"दोऱ्यानं बांधलीय."

बाईनं पाणीही विचारलं नाही. निघताना दाराशी म्हणाली, "तुमच्यावर माझा विश्वास बसलाय असं समजू नका."

"नकोच," कानबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि आपण कुठे गेलो होतो ते सांगितलं. लपवून चाललं असतं, पण लपवलेलं कसं बाहेर येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! साहेबांचा चेहरा बदलला. आजवर त्या नजरेनं ते कैद्यांकडे बघायचे.

"मास्तरचा काय निरोप होता?"

"काही नव्हता साहेब."

"मग गेलीस कशाला? उगाच कुणी नियम मोडतं का?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिनं ऐकलं. चौकशी लागली. कांबळ्यांच्या खोलीत दुसरा माणूस बसवला. कुणीतरी कुजबुजलं की तिच्या घरचा फोनही ऐकतात. खरं-खोटं देव जाणे, पण नवरा डेपोतल्या माणसाशी गिअरबॉक्सबद्दल बोलायला लागला, की आता तीच त्याला म्हणायची, "जरा स्पष्ट बोला. ऐकणाऱ्याला वेगळंच वाटायचं."

तिच्यावर शाबीत काही झालं नाही. समज देऊन तिला भेटीच्या दारावर टाकलं. आत येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या. मास्तरांचा फोन सुरू झाला होता, पण त्यावर काय बोलणं होतं, हे तिला कळायचा मार्ग उरला नव्हता. नव्या माणसाला एकदा तिनं आडून विचारलं. तो वैतागून म्हणाला, "इंग्रजी? छे हो! बायको असते फोनवर. त्याला बोलूच देत नाही. नाकी नऊ आणलेत तिनं त्याच्या, आणि माझ्याही."

मग एका भेटीच्या दिवशी रांगेत ती दिसली. केस नीट विंचरलेले, कपाळावर आठी. कानबाईच्या टेबलावर तिनं पिशवी ठेवली. ओळख दाखवली नाही. कानबाईनंही नाही. दोघींच्या मागे पहारेकरी उभा होता, आणि त्याचं लक्ष कानबाईवरच होतं.

पिशवीत दोन शर्ट होते, मोजे, आणि चष्म्याचं नवं घर. कानबाईनं शर्टांच्या कॉलरी दाबून पाहिल्या, शिवणी चिमटीत धरून पाहिल्या, मोज्यांत हात घातला, घर उघडून आतलं मखमली कापडही उचकून पाहिलं. आत नवा चष्मा होता, दुसरं काही नाही.

"नीट बघा," मास्तरीणबाई म्हणाली. "दहा फुटी बांबू राहिला असेल कुठे तरी."

पहारेकऱ्यानं चमकून मान वर केली. "काय म्हणाली ती?"

"काही नाही," कानबाई म्हणाली, आणि पिशवीचे बंद बांधून तिच्याकडे सरकवली. "जा. वेळ थोडा असतो."

बाई आत गेली. पहारेकरी मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कानबाईच्या टेबलापासून हलला नाही.